मैदानावरील पाढे

शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असतो की, ज्याची वाट मुले आठवडाभर पाहतात आणि ज्यावर इतर सर्व विषयांचा डोळा असतो. तो म्हणजे खेळाचा तास. संक्रांत उलटली, एस. एस. एल. सी. परीक्षेचे दिवस बोटांवर मोजले जाऊ लागले की, हा तास हळूहळू आक्रसू लागतो. प्रथम तो गणिताला उसना दिला जातो, मग इंग्रजीला. आणि उसने घेतलेले परत करण्याची चाल शिक्षकांच्या खोलीत नाही. हा व्यवहार आम्हीही केलेला आहे. एका वर्षी एका वर्गाचे खेळाचे तास आम्ही अपूर्णांकांसाठी घेतले. मुले बाकांवर बसून होती, नजर मात्र खिडकीबाहेर, जिथे दुसऱ्या वर्गाचा खो-खो रंगला होता. वर्षअखेरीस त्या वर्गाचे अपूर्णांक पूर्वीइतकेच कच्चे राहिले, आणि मैदानही हुकले.

पालकांचा या बाबतीतील विचार आम्ही जाणतो. ‘खेळून का कोणी पास झाले आहे?’ हा प्रश्न आम्हांला दर पालकसभेत ऐकू येतो. त्यामागे काळजी असते, आणि ती खोटी नाही. बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण किंवा कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या भागांतील मराठी मुलाच्या पाठीवर दप्तरापेक्षा भाषांचेच ओझे अधिक. घरी व शाळेत मराठी. कचेरीत, बसगाडीवर आणि शेजाऱ्याच्या अंगणात कन्नड. बाजारात दखनी हिंदुस्थानी. आणि पुस्तकात इंग्रजी. २०१५ च्या कायद्याने कन्नडचे शिक्षण राज्यातील सर्व शाळांत टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले, आणि या मातीत राहणाऱ्याला ती भाषा उत्तम आली पाहिजे हे आम्हांलाही मान्य आहे. पण इतके सारे बसून, पाठ करून, एकाच दिवसात कसे पेलावे? खेळाचा तास कापून, असे सोपे उत्तर आजवर दिले गेले. याहून निराळे उत्तर असू शकते, एवढेच या लेखात आम्हांला सांगावयाचे आहे.

प्रारंभ एका अडचणीपासून करू. मुलाला ‘त्रेचाळीस’ लिहावयास सांगा. तिसरी-चौथीतील पुष्कळ मुले आधी ३ लिहितात, मग ४, आणि पाटीवर उभा राहतो चौतीस. यात मुलाचा मोठा दोष नाही. मराठीत एकक आधी उच्चारला जातो, दशक मागाहून. लिहिताना मात्र दशक आधी. कन्नडमध्ये त्रेचाळीसला ‘नलवत्तमूरु’ म्हणतात, म्हणजे चाळीस आधी, तीन नंतर. जसे लिहावयाचे तसेच बोलावयाचे. आमचे मूल सकाळी एका क्रमाने मोजते आणि संध्याकाळी शेजारच्या मुलांत दुसऱ्या क्रमाने. शिवाय मराठीची ‘एकोण’ची गंमत आहेच. एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक उणा. कन्नड मात्र सरळ ‘नलवत्तोंबत्तु’, चाळीस आणि नऊ, असे म्हणते. (नव्याण्णवपाशी मराठीही हा उणेपणा सोडून देते, हे चाणाक्ष विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावे. उलट कन्नडच्या ‘ओंबत्तु’ या शब्दाच्या पोटात भाषाशास्त्रज्ञांना ‘दहाला एक उणा’ हाच अर्थ दडलेला दिसतो.) जून २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘चाळीस तीन’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा वृत्तपत्रांत केवढे वादळ उठले! गणिताच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना त्या वादळाला तोंड द्यावे लागले. जुनी नावे टिकावीत असे आम्हांला मनापासून वाटते. पण मुलांची अडचण खरी आहे, हेही तितकेच खरे.

या अडचणीवर आम्ही मैदानात एक प्रयोग करून पाहिला. वीस मीटर लांबीची एक सरळ रेघ फक्कीने आखली. दर वीस सेंटिमीटरवर एक लहान खूण, म्हणजे साधारण मुलाचे एक पाऊल. आणि दर दोन मीटरवर एक मोठा दगड. लहान खूण म्हणजे एकक, दगड म्हणजे दशक, आणि शेवटच्या दगडाशी शंभर. दशकासाठी धावावयाचे, एककासाठी टाचेला पंजा लावून पावले टाकावयाची. ‘त्रेचाळीस!’ असा पुकारा होताच मुलाने प्रथम तीन बोटे वर करावयाची, चौथ्या दगडापर्यंत धाव घ्यावयाची आणि मग ती तीन बोटे पावलांनी फेडावयाची. नंतर दोन मुले एकदम सोडावयाची. एकाला मराठीत ‘एकोणपन्नास’ सांगावयाचे, दुसऱ्याला कन्नडमध्ये ‘नलवत्तोंबत्तु’. पहिला पाचव्या दगडापर्यंत धावून एक पाऊल मागे सरतो. दुसरा चौथ्या दगडाशी थांबून नऊ पावले पुढे टाकतो. आणि दोघे एकाच खुणेवर एकमेकांस धडकतात! त्या धडकेने जो हशा पिकतो, त्यात ‘एकोण’चा अर्थ जितका पक्का बसतो, तितका फळ्यावर दहा वेळा समजावूनही आमच्याने बसला नव्हता. पाच-सहा फेऱ्यांत मुले घामाघूम होतात, हा वरचा लाभ.

हा केवळ आमच्या मैदानावरचा अनुभव असता, तर तो छापण्याचे धाडस आम्ही केले नसते. पण नेदरलँड्स देशातील ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी हीच गोष्ट पद्धतशीर तपासून पाहिली आहे. तेथील १२ प्राथमिक शाळांतील, सरासरी आठ वर्षे वयाची ४९९ मुले त्यांनी घेतली. काही वर्ग नेहमीप्रमाणे शिकले. उरलेल्या वर्गांना आठवड्यातून तीन वेळा, २० ते ३० मिनिटे, गणिताचे व भाषेचे पाठ शारीरिक हालचालींसह देण्यात आले. असे वर्षाला २२ आठवडे, दोन वर्षे. (एकूण पाठ किती झाले, हे पाचवीच्या विद्यार्थ्यांनी तोंडी सांगावे.) पाठ अगदी साधे होते. दोन चोक किती, तर तितक्या उड्या मारून दाखवावयाचे. शब्दाचे स्पेलिंग सांगताना दर अक्षराला एक उडी. दोन वर्षांनंतर हालचालींसह शिकलेली मुले गणितात, गणिते सोडवण्याच्या वेगात आणि शब्दलेखनात स्पष्टपणे पुढे गेलेली आढळली. ही आघाडी सुमारे चार महिन्यांच्या अभ्यासाइतकी भरली. २०१६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाचनात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही, आणि ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. उड्या मारून सर्व काही येते, असा समज कोणी करून घेऊ नये. गोष्टीचे पुस्तक हाती घेऊन, एका जागी बसून, डोळ्यांनी व मनाने वाचण्याला पर्याय नाही. ज्या गोष्टी वारंवार घोकाव्या लागतात, ज्यांत क्रम व मोजणी असते, त्यांना अंगाची साथ मिळाली की त्या लवकर मुरतात, असे या प्रयोगावरून आम्ही समजतो. हे का घडते याविषयी अभ्यासकांची निरनिराळी अनुमाने आहेत. हालचालीने मेंदूला रक्ताचा पुरवठा वाढतो असे काहींचे म्हणणे; अशा पाठानंतर मुलांचे लक्ष कामावर अधिक ठरते, असे काहींचे.

येथे कोणी म्हणेल की, हे परदेशी खूळ आमच्या मातीत कशाला? तर ही मातीच पाहा. कलबुर्गी जिल्ह्यातील सेडम तालुक्यात मळखेड नावाचे गाव आहे. तेच राष्ट्रकूटांचे मान्यखेट. त्या राजधानीतून राज्य करणाऱ्या अमोघवर्षाच्या आश्रयाने इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला, आणि ‘इतक्या वस्तूंतून इतक्या निवडावयाच्या तर किती प्रकारे?’ या प्रश्नाचा सर्वसाधारण नियम त्यात दिला. आमचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचे कल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, सन ११२९ च्या सुमारास, मल्लांच्या कुस्त्यांचे वर्णन आहे, आणि त्याच ग्रंथातील गीतांत जुनी मराठीही आढळते. गणित, भाषा आणि आखाडा यांची या मुलखात अशी जुनी ओळख आहे. पुढे निजामी अमलात खासगी शाळा काढावयाची तरी सरकारची परवानगी आणि आखाडा काढावयाचा तरी परवानगी, असा काळ आमच्या आजोबा-पणजोबांनी पाहिला. त्यांना दोन्ही हवे होते. त्यांच्या पणतवंडांना आपण यांतले एकच घ्या असे म्हणावे, हे काही बरे दिसत नाही.

पण ग्रंथांहून अधिक बोलका पुरावा आमच्या गल्लीत आहे, आणि तो विटीदांडूच्या रूपाने. मराठी मुले विटीदांडू खेळताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल…’ असे मोजतात, हे महाराष्ट्रात कोठेही गेले तरी कानी पडते. पुण्या-साताऱ्याकडच्या मुलांना हे निव्वळ निरर्थक शब्द वाटतात. सीमेवरच्या मुलाला ते वाटू नयेत! तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांना ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ म्हणतात. कन्नडमधील तीन-चार ‘मूरु, नाल्कु’. म्हणजे मराठी मुलांच्या तोंडी शेकडो कोस फिरणारे हे आकडे आपल्या शेजाऱ्यांचे आहेत. पुढच्या ‘आर’, ‘वेद’, ‘झक्कू’ या शब्दांत फार झीज झाली आहे. पाचव्या जागी बसलेला ‘आर’ तर कन्नड व तेलुगू ‘आरु’ची, म्हणजे सहाची, आठवण देतो, मध्ये एखादी पायरी निसटली असावी. खेळाची मोजणी गावोगावी बदलते, शब्दही बदलतात. पण हा ठेवा कोणत्याही पाठ्यपुस्तकाने जपलेला नाही, तो मुलांनी जपला.

आणि यात गणितही आहे. मोजणीची एक प्रचलित रीत अशी की, विटी जेथे पडली तेथपर्यंतचे अंतर दांडूने मोजावयाचे, आणि वकटपासून झक्कूपर्यंत सात शब्द संपले की पुन्हा वकट. ज्या शब्दावर माप संपेल, त्या शब्दाचा टोला पुढे मारावयाचा. प्रत्येक शब्दाची विटी उडवण्याची तऱ्हा वेगळी. कोणती पायाच्या पंजावरून, कोणती मुठीवरून, कोणती चक्क डोळ्यावर ठेवून. आता समजा, अंतर ३८ दांडू भरले. टोला कोणता? दांडू एकेक करून टेकवत जाण्याची गरज नाही. ३८ ला ७ ने भागा, भाग ५, बाकी ३, म्हणून मूंड. बाकी शून्य उरली तर झक्कू. ज्या मुलाला भागाकारातील ‘बाकी’ म्हणजे उरलेला कचरा वाटत होता, त्याला कळते की, या खेळात भागाकाराचे उत्तर कोणी विचारतच नाही, सारे महत्त्व बाकीलाच! (आठवड्याचा वार काढतानाही हेच घडते, कारण वारही सातच.) दांडू अर्ध्या मीटरचा असेल, तर ३८ दांडू म्हणजे १९ मीटर, हे त्याच दमात विचारून घ्यावे. आमच्याकडे एक मुलगा आहे; सातचा पाढा म्हणताना तो नेहमी ‘साती पाचे’पाशी अडखळे. विटीदांडूच्या दोन आठवड्यांनंतर तो पस्तीसपर्यंत न थांबता गेला आणि पुढे ‘आता वकट’ असे म्हणाला. वर्ग हसला, आम्हांला त्याचे उत्तर बरोबर वाटले.

भाषेकडे वळावयाचे, तर सर्वांत सोपी वाट वृत्तांची. आठवी-नववीत लघु-गुरू शिकवताना मुलांच्या कपाळावर आठ्या पडतात. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तीन-तीन अक्षरांचा एक गण. दर अक्षराला दोन शक्यता, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, असे आठच गण. नववा का नाही, याचे उत्तर व्याकरणात नसून गणितात आहे. आता भुजंगप्रयात घ्या. मनाच्या श्लोकांचे हेच वृत्त, त्यामुळे त्याची चाल मराठी घरांत लहानपणीच कानावरून गेलेली असते. त्याच्या ओळीत ‘य’ हा गण चार वेळा येतो, म्हणजे लघु, गुरू, गुरू. लघूला जागच्या जागी एक हलकी उडी, गुरूला दोन्ही पाय जोडून पुढे लांब उडी. अशा रीतीने सारा वर्ग एका ओळीत म्हणत-उड्या मारत गेला की, ज्याचे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तो आपोआप रांगेबाहेर पडतो. त्याला ‘चुकलास’ असे कोणी सांगावे लागत नाही. एका ओळीत १२ अक्षरे. त्यांत ४ लघु व ८ गुरू, म्हणून मात्रा २०. चार ओळींचे पाच श्लोक म्हटले की २४० उड्या झाल्या. आमच्या एका सहकाऱ्यांनी उत्साहाच्या भरात मुलांबरोबर पाचही श्लोक केले आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसून शिकवले, हेही येथे नमूद करावयास हवे.

जोडाक्षरे, समानार्थी शब्द, कन्नड-मराठी शब्दांच्या जोड्या यांसाठी लंगडी, लगोरी, ठिकरी हे खेळ आहेतच. ठिकरीला आमच्या कन्नड शेजारणी ‘कुंटेबिल्ले’ म्हणतात; घरे तीच, ठिकरी तीच, केवळ घरांतले शब्द बदलावयाचे. याविषयी फार लिहीत नाही, कारण मुली आमच्याहून चांगले खेळ शोधून काढतात.

परंतु दोन गोष्टींची धास्ती आम्हांला वाटते. व्यायाम आणि गणित यांची सांगड जुन्या शाळांतही होती! पाढा चुकला की दहा उठाबशा. शुद्धलेखन चुकले की मैदानाला फेरी. त्यामुळे मुलाच्या मनात उठाबशीचा संबंध अपमानाशी जडला आणि पाढ्याचा संबंध पोटऱ्यांच्या कळांशी. दोन्ही विषय एकाच फटक्यात नावडते झाले. शारीरिक शिक्षा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निषिद्ध ठरवली, ते योग्यच झाले. मैदानावरील पाठात चुकलेल्या मुलाला जादा उड्या कधीही देऊ नयेत. ज्याचे पाय अधू आहेत किंवा ज्याला दम लागतो, त्याने पुकारा करावा, मोजावे, दोरी धरावी. तोही पाठच आहे.

दुसरी धास्ती याच्या उलट आहे. मैदानावरही गणित शिकवता येते असे एकदा सिद्ध झाले की, खेळाचा तास गणिताला देण्याचे नवे निमित्त मिळेल! हे घडता कामा नये. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल मिळावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. हा वेळ निव्वळ खेळाचा असो. हालचालींचे पाठ गणिताच्या व भाषेच्या तासांतून काढावेत, आणि खेळाच्या तासाला कबड्डी कबड्डीसाठीच खेळली जावी. साधनांची अडचण तर कोणी सांगूच नये. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम आरंभले. तेथून ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच अनुताईंनी शाळाच कुरणावर नेली. खडे, बिया, पाने आणि मोकळे आकाश एवढेच तेथील साहित्य.

आमच्या मैदानावर यंदा मुलींच्या कबड्डीसाठी १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असे क्रीडांगण आखावयाचे होते. पूर्वी ते नजरेने आखले जाई, आणि दर वर्षी एक कोपरा फाटलेल्या चादरीसारखा बाहेर जाई. या वेळी काम सातवीच्या मुलींकडे दिले आणि एवढेच सांगितले की, कोपरे काटकोनात आले पाहिजेत. त्यांनी मध्यरेषा काढून पाहिली. प्रत्येक अर्धे अंगण ६ मीटर बाय ८ मीटर झाले. सहाचा वर्ग ३६, आठचा ६४, बेरीज १००. म्हणजे कोपऱ्यापासून मध्यरेषेच्या समोरच्या टोकापर्यंतचा कर्ण बरोबर १० मीटर यावयास हवा. दहा मीटरची सुतळी घेऊन दोघी धावल्या. पहिल्या कोपऱ्यात ती वीतभर तोकडी पडली. खुंटी उपटून सरकवली, पुन्हा ताणली, आणि या खेपेस ती नेमकी टेकली. मग उरलेले तीन कोपरे, मग फक्की. पाऊस आला की ही फक्की वाहून जाते आणि आखणी नव्याने करावी लागते. पुढच्या खेपेची पाळी सहावीची आहे. वर्गाचा नियम त्यांना अजून शिकवलेला नाही, पण सुतळी त्यांनी आतापासूनच मागून ठेवली आहे.